न दिसणारी रांग

दवाखान्याच्या दारावरची नोटीस सरांनी तीनदा वाचली. पहिल्यांदा मजकूर कळावा म्हणून, दुसऱ्यांदा विश्वास बसेना म्हणून आणि तिसऱ्यांदा शुद्धलेखनाच्या चुका सापडतात का ते पाहायला. चाळीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाचा तो शेवटचा आधार असतो. पण शुद्धलेखन बिनचूक होतं. तेवढीही फट नोटीस काढणाऱ्यानं ठेवली नव्हती.

नोटिशीत म्हटलं होतं की रुग्णांची शिस्तबद्ध रांग लागावी यासाठी प्रतीक्षागृहातील सर्व बाके काढून त्या जागी स्टीलचे कठडे बसवण्यात येतील. रुग्णांनी कठड्यांमधून एकामागे एक उभे राहावे. कोणाची हरकत असल्यास ती पुढील गुरुवारपर्यंत नगरपालिकेत लेखी द्यावी.

"काय रे लिहिलंय, बाळ?" ताईनं विचारलं.

बाळ एकाहत्तर वर्षांचे होते. ताई त्यांची थोरली बहीण, वय एक्क्याऐंशी, आणि पायावरची एक हट्टी जखम बांधून घ्यायला ती दर मंगळवारी सरांचा हात धरून इथं येत असे.

"बाकं काढणार आहेत."

"मग बसायचं कशावर?"

"बसायचं नाही. उभं राहायचं."

"किती वेळ?"

या प्रश्नाचं उत्तर साऱ्या शहरात फक्त सरांना ठाऊक होतं. सरासरी एक तास बावन्न मिनिटं. सोमवारी थोडा जास्त.

"मग मी नाही यायची," ताई म्हणाली. "घरीच गुंडाळीन फडकं. पाय राहिला तर राहिला, गेला तर एक चप्पल वाचेल."

ताई कधी धमकी देत नसे. ती नुसती माहिती देत असे. बारा वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरकडे अर्धा तास ताटकळल्यावर तिनं अशीच माहिती दिली होती आणि तेव्हापासून त्या इमारतीची पायरी चढली नव्हती. त्यामुळे सरांनी ही माहिती खरी धरली.

आता सरांना ती एक तास बावन्न मिनिटं कशी ठाऊक, हे सांगितलं पाहिजे. सर समाजशास्त्राचे प्राध्यापक. निवृत्त झाल्यावर ताईला घेऊन दवाखान्यात यायला लागले आणि तिथं त्यांना एक गोष्ट दिसली. खरं म्हणजे दिसली नाही, आणि तिथंच त्यांचं कुतूहल चाळवलं. त्या खोलीत रांग नव्हती. चाळीस माणसं जमेल तशी बसलेली, कोणी खिडकीशी, कोणी कोपऱ्यात, कोणी बाहेर ओट्यावर. पण दारातून येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "शेवटचं कोण?" कोणीतरी हात वर करायचं, "मी." नवा माणूस तो चेहरा लक्षात ठेवायचा आणि पाहिजे तिथं जाऊन बसायचा. पुढच्या खेपेला विचारणाऱ्यासाठी हात त्यानं वर करायचा. बस्स. अख्खी रांग माणसांच्या डोक्यात. म्हाताऱ्यांनी बसावं, पोरांना पाय मोकळे करायला बाहेर न्यावं, डुलकी काढावी, नंबर कुठं जात नसे.

सरांनी नऊ वर्षं वही घेऊन तिथं काढली. चार हजारांवर माणसं नोंदली. भांडणं झाली अकरा, आणि त्यातली चार एकट्या समोरच्या गॅरेजवाल्याची. मग त्यांनी पुस्तक लिहिलं: 'अदृश्य रांग: प्रतीक्षेच्या सामाजिक संघटनाचा एक अभ्यास'. पानं तीनशे अठरा, तळटीपा चारशे बावीस. हे पुस्तक आजवर तिघांनी वाचलं होतं. एक स्वतः सर, दुसरा मुद्रितं तपासणारा आणि तिसरे एक परीक्षक. परीक्षकांबद्दल सरांना शंका होती.

"हे सगळं तुझ्या त्या जाड पुस्तकात आहे ना?" घरी परतताना ताईनं विचारलं.

"आहे."

"मग त्यांना सांग की."

सांग की! सरांनी आयुष्यात निबंध वाचले होते, प्रबंध सादर केले होते, चर्चासत्रांत मांडणी केली होती. पण कोणाला काही सांगितलं होतं का, हे त्यांना चौकापर्यंत आठवेना.

दुसऱ्या दिवशी ते नगरपालिकेत गेले. आवक खिडकीवरचा कारकून हा मनानं चांगला माणूस निघाला. सरांनी गेल्या वर्षी पुस्तकाची एक प्रत इथं दिली होती, असं भीतभीत सांगताच तो उठला, कपाट उघडलं आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली प्रत काढून दाखवली. कोरी करकरीत.

"फार जपलंय सर. कोणाला हात लावू दिला नाही."

सरांना त्यावर आभार मानावेत की काय, ते सुचेना. म्हणून त्यांनी आभार मानले.

"हे असं जाड काही वर जात नाही," कारकून आवाज खाली आणून म्हणाला. "एक पान आणा. मोठं अक्षर. महत्त्वाच्या वाक्याखाली रेघ."

"एकच पान?"

"पाठकोरं."

घरी येऊन सर कामाला लागले. तीनशे अठरा पानांची एकेचाळीस झाली. यात दोन दिवस गेले, आणि प्रत्येक पान गाळताना आपण एखाद्या माणसाला घराबाहेर काढतो आहोत असं त्यांना वाटत होतं. एकेचाळीसची नऊ झाली. नवाला गाडी अडली. नमनाला घडाभर तेल जाळायची सवय असलेल्या माणसाला पणतीभर तेलात आरती करायची वेळ आली होती. शेवटी सरांची पत्नी चष्मा लावून समोर बसली. ती शाळेत गणित शिकवायची, तिच्या हाती लाल पेन्सिल होती.

"'काही अंशी असे म्हणणे कदाचित वावगे ठरू नये की, येथे एक प्रकारची रांग आढळून येते,'" तिनं वाचलं. "हे एवढं कशाला?"

"तो सावधपणा आहे."

"अहो, पण रांग आहे की नाही?"

"आहे."

"मग लिहा, रांग आहे."

सरांनी लिहिलं. रांग आहे. दोन शब्द. नुसत्या बनियनवर गॅलरीत जाऊन उभं राहिल्यासारखं त्यांना वाटलं. पण शुक्रवारी दिवेलागणीपर्यंत एक पान झालं, पाठकोरं, रेघेसकट. शनिवारी सकाळी कारकुनानं त्यावर शिक्का मारला आणि पान लाल फितीच्या गठ्ठ्यात सरकवलं. सर हलक्या पावलांनी घरी आले. इथंच थांबले असते तर बरं झालं असतं.

पण जिन्यात मॅनेजर भेटले. मॅनेजर म्हणजे शेजारचे, बँकेतून निवृत्त झालेले. बँकेत असताना त्यांचं कोणी ऐकत नसे, त्यामुळे सल्ल्यांचा मोठा साठा शिल्लक होता.

"कागद दिलात? कागदानं काय होतंय सर? जनमत पाहिजे, जनमत! थांबा."

त्यांनी तिथंच जिन्यात सरांना भिंतीशी उभं केलं आणि फोनवर चित्रफीत काढून इंटरनेटवर टाकली. चित्रफीत चौदा मिनिटांची झाली. त्यातली पहिली सहा मिनिटं 'रांग' या संकल्पनेच्या व्याख्येत गेली. संध्याकाळपर्यंत ती तेवीस वेळा पाहिली गेली, पैकी नऊ वेळा सरांच्या पत्नीनं. तिला दुपारी झोप लागत नव्हती.

"असू दे," मॅनेजर म्हणाले. "माझ्या ओळखीची एक पत्रकार आहे. फार हुशार मुलगी. तिला पाठवतो."

पत्रकार त्याच संध्याकाळी आली, दोन कप चहा प्याली आणि म्हणाली, "सर, तुमचं म्हणणं एका वाक्यात सांगाल?"

"एका वाक्यात नाही सांगता यायचं."

"बरं, दोन."

सर चाळीस मिनिटं बोलले. मुलगी खरंच हुशार होती, तिनं सगळं उतरवून घेतलं. त्या चाळीस मिनिटांत सर एकदा असं म्हणाले होते की, "कठड्यांतल्या रांगेची गरज नाही, कारण माणसं आपली रांग मनात घेऊनच येतात, अर्थात काही विशिष्ट अटींवर." हे वाक्य त्यांना स्वतःलाही आवडलं होतं, विशेषतः शेवटची अट.

रविवारच्या वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला. बोट वर केलेला. बातमी मुलीनं नेटकी लिहिली होती, एकही चूक नव्हती. पण मथळे दुसरंच कोणी देतं, आणि त्या माणसाकडे जागा थोडी होती. मथळा होता: 'रांगेची गरज नाही!' आणि त्याखाली बारीक अक्षरांत: 'नऊ वर्षांच्या अभ्यासानंतर ज्येष्ठ संशोधकाचा निष्कर्ष'.

"फोटो छान आलाय हो," पत्नी म्हणाली. तिच्या या बोलण्यावरूनच सरांनी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

सोमवारी सकाळी आठ वाजता गॅरेजवाला दवाखान्यात शिरला. दारात काहीएक विचारलं नाही. सरळ डॉक्टरांच्या खोलीकडे निघाला. कोणीतरी हटकलं तेव्हा त्यानं खिशातून कात्रण काढून उलगडलं.

"वाचता येतं ना? रांगेची गरज नाही. प्रोफेसरांनी सिद्ध केलंय. नऊ वर्षं लागली त्यांना."

त्याच्यामागून सहाजण घुसले. मग सातवा म्हणाला, आम्ही काय मूर्ख म्हणून बसलोय? सर नेहमीप्रमाणे वही घेऊन साडेनऊला पोचले तेव्हा डॉक्टरांच्या दाराशी माणसांचा गोळा झाला होता, एका आजोबांची काठी दुसऱ्याच आजोबांच्या हातात होती आणि आतून डॉक्टर ओरडत होते की मी एका वेळी एकालाच तपासू शकतो, मला कान दोनच आहेत. नऊ वर्षांत अकरा भांडणं. त्या दिवशी दहाच्या आत चौदा. सरांनी वही उघडली, कारण नोंद ही ठेवलीच पाहिजे. तारीख, वेळ, संख्या लिहिली. पुढचा रकाना 'भांडणाचे कारण' असा होता. तिथं पेन जरा वेळ अडखळलं. मग त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: संशोधक.

"सर," मलमपट्टीवाली नर्स त्यांच्याजवळून जाताना म्हणाली, "नऊ वर्षं तुम्ही गप्प बसलात, किती छान चाललं होतं हो!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. सर मान खाली घालून घरी आले आणि जेवलेसुद्धा नाहीत. दुपारी कारकुनाचा फोन आला.

"सर, अभिनंदन. तुमच्या संशोधनाची वरपर्यंत दखल घेतलीये."

"त्या पानाची?"

"पानाची नाही. हरकतींचा गठ्ठा मुदत संपल्याशिवाय उघडत नाहीत, तो गुरुवारनंतर. तुमच्या बातमीची. अभियंतासाहेबांनी ती प्रस्तावाला जोडलीये. आणि आजच्या गर्दीचे फोटो."

"म्हणजे आमच्या बाजूनं?"

"कठड्यांच्या बाजूनं," कारकून म्हणाला. "पाइप पण येऊन पडलेत सर, दवाखान्याच्या आवारात." मग त्याला बहुधा कणव आली. "असं करा, उद्या दहाला आरोग्य समितीच्या अध्यक्षबाई स्वतः पाहणीला येणार आहेत. निर्णय तिथंच होणार. मी तुमचं नाव घातलंय. तीन मिनिटं मिळतील."

संध्याकाळी घरात तालीम झाली. पत्नी घड्याळ घेऊन बसली, ताई श्रोता म्हणून पलंगावर. सरांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "प्रथम या अभ्यासाच्या मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे." पाचव्या मर्यादेला ताईला झोप लागली.

"अहो, मर्यादा शेवटी सांगा," पत्नी म्हणाली.

"प्रामाणिक माणूस मर्यादा आधी सांगतो."

"प्रामाणिक माणूस लग्न ठरताना सांगतो का आधी?"

"मी सांगितल्या होत्या."

पत्नी बोलायला गेली आणि थांबली. त्यांनी खरंच सांगितल्या होत्या. मुलगी पाहायला आले होते आणि एकेक करून सात मर्यादा सांगून गेले होते, आणि तिनं होकार दिला होता तो त्यासाठीच. तिनं घड्याळ उशाशी ठेवलं. "बरं, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," ती म्हणाली. तिच्या हातून झालेली ही एकच चूक.

मंगळवारी ताई पहाटेच तयार होऊन बसली होती. "आज बसून घेते," ती म्हणाली. "पुढच्या मंगळवारचं कोणी पाहिलंय."

प्रतीक्षागृह भरलेलं होतं. सोमवारच्या दंगलीची सगळ्यांनाच लाज वाटत असावी, कारण प्रत्येकजण दारात नेहमीपेक्षा मोठ्यानं "शेवटचं कोण?" विचारत होता. गॅरेजवालासुद्धा होता. काल पाठीत बसलेला कोणाचा तरी कोपर तो दाखवायला आला होता. ताई खिडकीजवळच्या बाकावर बसली, तिच्या शेजारी सरांची पत्नी. सर दाराशी उभे राहिले, कागद हातात.

अध्यक्षबाई दहाला पाच कमी असतानाच आल्या. चटचट चालणाऱ्या, चटचट बोलणाऱ्या बाई. मागून अभियंता, हातात मोजमापाची टेप. बाहेर आवारात पाइपांचा ढीग होता, त्याच्याकडे तो वरचेवर प्रेमानं पाहत होता.

"प्रोफेसर कोण?" बाईंनी विचारलं.

सरांनी हात वर केला. नेमक्या त्याच क्षणी कडेवर मूल घेतलेली एक बाई दारातून आत आली आणि "शेवटचं कोण?" म्हणून विचारती झाली. सरांचा वर गेलेला हात पाहून तिनं मान डोलावली आणि ती जाऊन बसली. सरांच्या हे लक्षात आलं नाही. त्यांच्या काहीच लक्षात येत नव्हतं.

"बोला. तीन मिनिटं."

आणि सर बोलले. ते म्हणाले की हा अभ्यास एकाच दवाखान्याचा आहे. तो फक्त सकाळच्या वेळचा आहे. निरीक्षक समोर असल्यामुळे माणसं अधिक चांगली वागली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पावसाळ्यातल्या नोंदी तुलनेनं विरळ आहेत, कारण एका वर्षी निरीक्षकालाच न्यूमोनिया झाला होता. अन्य ठिकाणी हाच निष्कर्ष लागू करणं घाईचं होईल. सहावी मर्यादा चालू असताना बाईंनी मनगटाकडे पाहिलं.

"वेळ संपली."

"म्हणजे स्वतः संशोधकच सांगतायत," अभियंता म्हणाला, "की या अभ्यासावर विसंबून निर्णय घेता येणार नाही. बरोबर ना सर?"

सरांनी विचार केला. ते कोणत्याही प्रश्नाचा विचार करत, हीच अडचण होती. "काटेकोरपणे पाहिलं तर," ते म्हणाले, "हो."

खिडकीजवळ सरांच्या पत्नीनं कपाळाला हात लावला. अध्यक्षबाईंनी टिपून घेतलं. अभियंत्यानं टेपचं टोक भिंतीला लावलं.

"तरी एक विचारते," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, घाईत होत्या. "बातमीत तुम्ही म्हटलंय की इथं रांग आहे. मला तर माणसं नुसती विखुरलेली दिसतायत. रांग आहे तरी कुठं?"

सरांनी तोंड उघडलं. तीनशे अठरा पानं एकदमच घशाशी आली आणि दारात अडकली, सोमवारच्या माणसांसारखी. एकही बाहेर पडेना.

"अहो बाई, त्याला नका विचारू," खिडकीजवळून ताईचा आवाज आला. "त्याला सगळं माहितीये, म्हणून त्याला सांगता येत नाही. आम्हाला विचारा."

"तुम्हीच सांगा आजी."

"सांगायचंय काय त्यात? ए, ऐका गं, ऐका रे! ज्याच्या मागं तुमचा नंबर आहे ना, त्याच्याकडे बोट करा सगळ्यांनी."

आणि खोलीत बोटंच बोटं झाली. खिडकीपासून कोपऱ्याकडे, कोपऱ्यातून दारामागे, एक बोट बाहेर ओट्यावर, ओट्यावरून एक परत आत. तपासून घ्यायला आलेल्या एका शिक्षिकेकडे गॅरेजवाल्याचं बोट, जरा ओशाळलेलं, पण अगदी सरळ. नऊ वर्षांत सरांना हे सुचलं नव्हतं. त्यांनी चारशे बावीस तळटीपा लिहिल्या होत्या आणि एकदाही कोणाला म्हटलं नव्हतं की बोट दाखवा. ते कागद विसरून बघत राहिले.

अध्यक्षबाई एका बोटामागून दुसऱ्याकडे चालू लागल्या. चटचट चालणं कमी झालं होतं. सगळ्यात शेवटी आलेल्या, कडेवर मूल घेतलेल्या बाईपासून त्या सुरुवात करणार, तोच तिचं बोट कुठं आहे ते त्यांनी पाहिलं. बोट सरांकडे होतं.

"तुम्ही यांच्या मागं?"

"हो. मी विचारलं तर यांनीच हात वर केला."

"आणि सर, तुम्ही कोणाच्या मागं?"

सगळी खोली सरांकडे बघू लागली. "मी..." सर म्हणाले. "मी कोणाच्याच मागं नाही. मी निरीक्षक आहे."

"अगं बाई! म्हणजे माझा नंबर गेला?" मूल घेतलेली बाई उभी राहिली. मूल रडायला लागलं. अभियंत्याच्या चेहऱ्यावर चांदणं पडलं. "बघितलंत?" तो म्हणाला. "हे असं होतं. एक दुवा निखळला की संपलं."

"गेला कसा?" ताईनं विचारलं. "हिच्या आधी शेवटी कोण आलं होतं?"

कोपऱ्यातल्या एका निवृत्त पोस्टमननं हात वर केला. "मी."

"मग ही तुमच्या मागं."

"बरं," पोस्टमन म्हणाला. मूल घेतलेल्या बाईनं त्याचा चेहरा नीट पाहून घेतला, मुलाला थोपटलं आणि ती बसली. खोली पुन्हा आपापल्या खोकल्याकडे वळली.

अध्यक्षबाईंनी दारातून पाइपांच्या ढिगाकडे पाहिलं. मग त्यांनी अभियंत्याला विचारलं, "कठडा मोडला तर दुरुस्त व्हायला किती वेळ लागतो?"

"आधी पाहणी होते," अभियंता म्हणाला. "मग अंदाजपत्रक, मग निविदा. साधारण चार महिने धरा."

"इथं चार शब्द लागले," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वही मिटली.

बाकं राहिली. पंधरा दिवसांनी ठराव आला तेव्हा सरांनी तो चारदा वाचला. ठरावात एकच ओळ होती: 'सदर ठिकाणी रांग अस्तित्वात असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले, सबब बाके कायम ठेवावीत.' नऊ वर्षांच्या कामाचं सार, तळटीप नाही, संदर्भ नाही, सरांचं नाव कुठंच नाही. प्रत्यक्ष पाहणीत! वीस मिनिटांच्या! सर दोन दिवस घरात बोलले नाहीत. न बोलणं हे त्यांच्या बाबतीत कोणाच्या चटकन लक्षात येत नसे, म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांना तसं सांगावं लागलं.

"ताई बसून असते ना मंगळवारी?" पत्नीनं विचारलं.

"असते."

"जखम भरत आलीये ना?"

"आलीये."

"मग?"

"काही नाही. एखादी तळटीप तरी..."

"आभाराचं पत्र लिहा त्यांना," पत्नी म्हणाली. "त्यात घाला तळटीप."

कल्पना बरी होती. सरांनी पत्राचे सहा खर्डे केले, तळटीप घातली, काढली, पुन्हा घातली, आणि एका सकाळी पाठकोरं एक पान घेऊन ते नगरपालिकेत गेले. आवक खिडकीच्या व्हरांड्यात शिरले आणि थबकले.

पाइप आलेले होते. आलेले पाइप परत करता येत नाहीत, त्यासाठी वेगळा नियम लागतो, आणि आवारात ते गंजू देता येत नाहीत, त्यासाठी आणखी वेगळा. तेव्हा अभियंत्यानं ते सन्मानानं इथं उभे केले होते, थेट कारकुनाच्या खिडकीसमोर, नागमोडी, लखलखीत. इथली बाकं गेली होती. आणि खिडकीला पाटी होती, 'थोड्या वेळात येत आहे'.

सर कठड्यात शिरले. वळणावळणानं पुढं जाऊन ते खिडकीपाशी उभे राहिले, पत्र छातीशी धरून. कठड्यात दुसरं कोणी नव्हतं. आपण पहिले आहोत याचं त्यांना आश्चर्य वाटलं, थोडी भीतीही वाटली.

"अहो आजोबा!" मागून कोणीतरी हाक मारली. व्हरांड्याच्या पायरीवर फाइल मांडीवर घेतलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडे आणखी दोघं-तिघं, एकजण कुंडीच्या काठावर, एकजण सावलीत सायकलला टेकून. "उभे कशाला राहिलात? तो अकराशिवाय येत नाही. इकडे येऊन बसा. माझ्या मागं तुम्ही."

सर वळणं घेत परत बाहेर आले आणि पायरीवर बसले. बाईंचा चेहरा त्यांनी नीट पाहून घेतला. हिरवी फाइल, चष्म्याला दोरी. वही काढावी म्हणून हात खिशात गेला, पण वही घरी होती.

थोड्या वेळानं छत्रीवाला एक माणूस आला. त्यानं कठड्यांकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं आणि विचारलं, "शेवटचं कोण?"

सर वाट पाहू लागले, कोण हात वर करतं ते. मग त्यांच्या ध्यानात आलं की सगळे त्यांच्याकडेच बघतायत.

"मी," सर म्हणाले. मग त्यांनी हातही वर केला. "मी शेवटचा."

छत्रीवाल्यानं मान डोलावली आणि तो लांब, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

आता सरांची पंचाईत झाली. चार हजार माणसं त्यांनी नोंदवली होती, पण एकालाही सांभाळायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. हा माणूस आपल्या भरवशावर निश्चिंत बसला आहे आणि आपण त्याचा चेहरा विसरलो तर? तो उठून गेला आणि दुसराच छत्रीवाला आला तर? सरांनी नजर त्याच्यावर रोखली आणि हटवली नाही. पाच मिनिटं गेली. दहा गेली. शेवटी तो माणूस अस्वस्थ होऊन उठला आणि चालत त्यांच्यापाशी आला.

"काय झालं हो काका? मघापासून बघताय माझ्याकडे."

"नाही, नाही," सर गडबडून उठले. "झालं काहीच नाही. तुम्ही बसा. तुम्ही माझ्या मागं आहात, एवढंच."